कपाटातलं रिव्हॉल्व्हर



जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर फायली सुटल्या, पण एक प्रश्न काही सुटला नाही. लग्नकार्यात, प्रवासात, कधी फोनवर लोक तो विचारतात, आणि विचारताना आवाज जरा खाली आणतात. "ओळखीच्या एका मेजरसाहेबांकडं जुनं सर्व्हिस रिव्हॉल्व्हर आहे. देतो म्हणतात. घ्यावं का?" विचारणारा बहुधा सरळमार्गी असतो. कुणी बागायतदार, कुणी सराफ, कुणी पेट्रोल पंपाचा मालक. रात्री-अपरात्री रोकड घेऊन फिरावं लागतं, मळ्यात वस्ती एकटी असते, म्हणून त्याला हत्यार हवं असतं. आजच्या भाषणात या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचा विचार आहे.

पहिल्यांदा 'सर्व्हिस रिव्हॉल्व्हर' म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडं हा शब्द आला इंग्रजी फौजेबरोबर. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचं रिव्हॉल्व्हर ब्रिटिश लष्करानं १८८७ मध्ये स्वीकारलं. पॉइंट ४५५ बोअरचं, म्हणजे जवळपास साडेअकरा मिलिमीटरचं. पहिल्या महायुद्धात वापरलेलं त्याचं सहावं मॉडेल वजनाला किलोभराहून जास्त भरतं. पुढं सैनिकांना हलकं हत्यार हवं म्हणून १९३० नंतर पॉइंट ३८ बोअरचं एनफिल्ड आलं आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच्या जोडीला वेब्लीचं पॉइंट ३८. ही रिव्हॉल्व्हरं बिजागरीवर मधोमध उघडतात. वरची खिट्टी दाबून नळी खाली वाकवली की सहाही रिकामी काडतुसं एका झटक्यात वर उचलली जातात. आपल्या फौजेत आणि पोलिसांत हीच घडण अनेक वर्षं राहिली. फौजदाराच्या कमरेला चामड्याच्या म्यानात जे दिसायचं, ते हेच.

आता गंमत अशी, की हे खरंखुरं सर्व्हिस रिव्हॉल्व्हर सर्वसाधारण नागरिकाला घेताच येत नाही. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलं आहे, की ज्यात पॉइंट ३८० किंवा पॉइंट ४५५ ची लष्करी काडतुसं बसतात आणि झाडता येतात, असं रिव्हॉल्व्हर 'प्रोहिबिटेड बोअर' या वर्गात पडतं. पॉइंट ३८० हे त्याच पॉइंट ३८ काडतुसाचं दप्तरी नाव. या वर्गाचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत. तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा, आणि फार थोड्यांना तो मिळतो. कारण उघड आहे. सरकारी कोठारातलं काडतूस चोरीला गेलं, तरी ते बाहेरच्या हत्यारात बसू नये.

म्हणून आपल्याकडं नागरिकांच्या हाती असतं ते बहुधा पॉइंट ३२ बोअरचं. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर पाहिलंत तर ते वेब्लीचं धाकटं भावंड वाटेल. तीच मधोमध उघडायची पद्धत, तीच सहा घरं. बोअर मात्र वेगळं. २०२० च्या सुमारास तर वेब्ली हे नाव घेऊनच उत्तर प्रदेशात हरदोईला पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर बनू लागलं. तेव्हा मेजरसाहेबांचं हत्यार दाखवायला कुणी आणलं, तर मी पहिल्यांदा किंमत विचारत नाही. बोअर विचारतो. पॉइंट ३८ किंवा ४५५ असेल, तर पुढचं बोलणंच नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित हत्यार बेकायदा बाळगण्याची शिक्षा किमान सात आणि कमाल चौदा वर्षं आहे.

"पण मेजरसाहेबांनी तर ते लष्कराकडूनच रीतसर घेतलंय," असं कुणी म्हणेल. तेही खरं असू शकतं. फौजेत सध्या वापरात नसलेल्या बनावटीची हत्यारं 'नॉन सर्व्हिस पॅटर्न' या नावाखाली लष्करी अधिकाऱ्यांना विकली जात आली आहेत. ती त्यांच्या स्वतःसाठी असतात. राजस्थानात अशी हत्यारं नियम डावलून खासगी लोकांच्या हाती गेल्याचा आरोप झाला, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. विकणाऱ्याचा हुद्दा मोठा आहे, एवढ्यावर व्यवहार शुद्ध ठरत नाही.

जुन्या विलायती हत्यारांची ओढ आपल्याकडं एवढी का, याचंही एक कारण आहे. नागरिकांसाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकात बंद झाली. त्याआधी जी आली होती, तीच फिरत राहिली. माल तेवढाच आणि मागणी वाढती, त्यामुळं जिथं तयार होतं तिथं स्वस्तात मिळणारं जुनं रिव्हॉल्व्हर इथं सोन्याच्या भावानं जातं. अमेरिकेत उलट घडलं. तिथल्या पोलिसांनी १९८० आणि ९० च्या दशकांत रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलं घेतली. न्यूयॉर्कच्या पोलिसांना १९९३ मध्ये नऊ मिलिमीटरची पिस्तुलं वापरायची परवानगी मिळाली. अनेक शहरांतली जुनी रिव्हॉल्व्हरं मग दुकानदारांमार्फत सरळ जनतेला विकली गेली. तिथले जाणकार पोलिसी रिव्हॉल्व्हरबद्दल सांगतात, की ते मिरवलेलं फार आणि झाडलेलं थोडं असतं. म्यानात घासून बाहेरचा काळा मुलामा उडालेला, मुठीचं लाकूड झिजलेलं, आतले भाग मात्र चांगले.

आपल्याकडं नेमकी याच्या उलट भीती असते. बाहेरून तेलपाणी करून चकचकीत ठेवलेलं, आणि आतून गंजलेलं. कोकणातल्या दमट हवेत चामड्याच्या म्यानात चार पावसाळे काढलेलं हत्यार नुसतं वरून बघून घेऊ नये. रिकामं आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, मग नळीत उजेड सोडून आरपार बघावं. आत खड्डे दिसले, तर ते कशानंही भरून निघत नाहीत. घोडा मागं ओढल्यावर काडतुसांचं चक्र घट्ट बसलं पाहिजे. ते हलत असेल, तर काडतुसाचं घर आणि नळीचं तोंड एका रेषेत येत नाही आणि गोळीचं शिसं बाजूनं उडतं. बिजागरी आणि खिट्टी ढिली झाली असेल, तर झाडताना नळीच हलते. हे सगळं तपासायचं काम परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याचं. त्याला दोन पैसे देऊन त्याच्याकडूनच ते करून घ्यावं.

आणखी एक गोष्ट विचारावी. या हत्यारात कुणी बदल केलेत का? अमेरिकेत पॉइंट ४५५ ची काडतुसं मिळेनात, म्हणून अनेक वेब्ली रिव्हॉल्व्हरची चक्रं मागून घासून त्यांत पॉइंट ४५ ची जोरकस पिस्तुली काडतुसं बसवली गेली. जुन्या पोलादाला तो दाब पेलवत नाही, म्हणून तिथले जाणकार अशा हत्यारापासून दूर राहायला सांगतात. हत्यार ज्या काडतुसासाठी घडलं, तेच त्यात घालावं.

हे झालं लोखंडाचं. पण माझ्या नोकरीत मी शिकलो ते हे, की जुन्या हत्यारात लोखंडापेक्षा त्यावरचा नंबर महत्त्वाचा. बनवणाऱ्याचं नाव आणि क्रमांक ज्यावर ठोकलेला नाही, असं हत्यार विकणं गुन्हा आहे. क्रमांक खोडलेला असेल, तर शस्त्र कायद्याचं आठवं कलम असं मानतं, की ज्याच्या हाती ते सापडलं त्यानंच तो खोडला. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याची. म्हणजे दुसऱ्यानं वीस वर्षांपूर्वी कानस फिरवली असेल, आणि त्याचा हिशेब द्यायचा तुम्ही.

कायदा नंबराबद्दल इतका कडक का, याचं उत्तर आपल्या इतिहासात आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते बेरेटा होतं. इटलीच्या लष्करासाठी बनणाऱ्या घडणीचं, नऊ मिलिमीटरचं. मारेकऱ्यांना ते ग्वाल्हेरमध्ये मिळालं, अगदी दोन दिवस आधी. युरोपातल्या एका फौजेचं हत्यार हातोहात फिरत इथवर येतं आणि भलत्याच्या हाती पडतं, तेव्हा मधल्या प्रत्येक हाताला वाटत असतं, की आपण फक्त एक वस्तू पुढं दिली. वापरलेलं हत्यार विकण्याच्या नियमांकडं पाहताना हे लक्षात ठेवलं, की ते नियम जाचक वाटत नाहीत.

तसं पाहिलं तर शस्त्र परवान्याला आपल्या समाजात मानाची जागा आहे. १८७८ च्या कायद्यानं इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार काढून घेतलं आणि गोऱ्यांना मोकळीक ठेवली. त्या भेदभावाविरुद्ध राष्ट्रीय सभेनं वारंवार ठराव केले. १९३१ च्या कराची ठरावात तर, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असावा, असं कलमच होतं. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यानं गोऱ्या-काळ्याचा भेद संपवला, परवान्याची अट ठेवली.

आता खरेदीची रीत. आधी परवाना, मग हत्यार. हा क्रम उलटा करू नका. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत परवाना पोलिस आयुक्त देतात, आयुक्तालय नसेल तिथं जिल्हाधिकारी. अर्जदार किमान एकवीस वर्षांचा हवा. पोलिसांचा चौकशी अहवाल येतो. २०१६ च्या नव्या नियमांपासून शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, शरीर आणि मन ठीक असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि हत्यार सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन चालायची. परवान्याची मुदत आता पाच वर्षं आहे.

खासगी माणसाकडून घ्यायचं असेल, तर विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवायचं. आपण विकणार आहोत आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता हा. त्यानंतर किमान पंचेचाळीस दिवस थांबायचं. या मुदतीत घेणाऱ्याची पडताळणी होऊ शकते. मग एकाच्या परवान्यावरून हत्यार उतरतं आणि दुसऱ्याच्या परवान्यावर चढतं. शेतकरी बंधूंना सांगायचं तर, हा सातबाऱ्यावरचा फेरफारच समजा. फेरफार झाल्याशिवाय जमीन तुमच्या नावावर नाही, तसंच हे. "आत्ता घेऊन जा, कागद सावकाश करू," असं म्हणणारा कितीही जवळचा असला, तरी नमस्कार करून उठावं. विनापरवाना साधं हत्यार बाळगलं, तरी दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे.

घेतल्यानंतरचं आयुष्य कसं असतं, हे लोक विचारत नाहीत. ते मीच सांगतो. हत्यार आणि काडतुसं वेगवेगळी, कुलपात ठेवावी लागतात. ते बाहेर मिरवता येत नाही, कमरेच्या म्यानातच ठेवावं लागतं. लग्नाच्या वरातीत हौसेनं हवेत बार काढला आणि त्यामुळं कुणाच्या जिवाला धोका झाला, तर २०१९ पासून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणूक आली, की हत्यार ठाण्यात जमा करा अशी नोटीस अनेकांना येते. म्हणजे गावात वातावरण तापलेलं असतं, तेव्हा ते बहुधा तुमच्याजवळ नसतं.

आणि एक गोष्ट जरा जपून सांगतो. घरात हत्यार आलं, की ते चोरासाठी आहे असं आपण धरून चालतो. पण चोर कधीतरी येतो. घरातला राग, दारू, कर्जाची रात्र, परीक्षेत नापास झालेला मुलगा हे सगळं घरातच असतं. एरवी जो क्षण रडून, ओरडून निघून गेला असता, तो हाताशी हत्यार असेल तर परत घेता येत नाही. ज्यांच्या घरात कुणी खचलेलं आहे, कुणी फार पितं, त्यांनी हत्यार घेऊ नये. असेल तर ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडं जमा करावं. त्यात कमीपणा काही नाही.

शाखेतला एक प्रसंग सांगतो. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. साठीच्या एक बाई टेबलापाशी आल्या, पिशवीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. आत पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर आणि डबीत अकरा काडतुसं. यजमान फौजेतून निवृत्त होऊन आठ महिन्यांपूर्वी वारले होते. परवान्याची मुदत त्याच्याही आधी संपलेली. एक मुलगा पुण्यात, एक परदेशात. दोघंही फोनवर एकमेकांकडं बोट दाखवत होते. आवराआवरीत कपाटाच्या तळाशी हे सापडलं. बाई दोन तासांचा एसटीचा प्रवास करून, ते मांडीवर ठेवून आल्या होत्या. कायद्याच्या नजरेनं तो सगळा प्रवास गुन्हा होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्या म्हणाल्या, "साहेब, यांनी जन्मात एकदाही ते झाडलं नाही. पण सापडल्यापासून मला रात्रीची झोप नाही."

आमच्या वरिष्ठांनी समजूतदारपणा दाखवला. पोलिसांना बोलावून पंचनामा झाला, हत्यार जमा झालं, बाईंच्या हाती पावती पडली. बाई पावतीची घडी करून कमरेच्या बटव्यात ठेवत होत्या, तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. त्या माणसानं ज्या बायकोच्या रक्षणासाठी हत्यार घेतलं, तिलाच ते शेवटी पोलिसांच्या दारात घेऊन आलं.

म्हणून हे नीट ऐका. परवानाधारक वारला, परवाना रद्द झाला किंवा मुदत संपली, की हत्यार विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र दुकानदाराकडं जमा करायचं असतं. शस्त्र कायद्याचं एकविसावं कलम तसं सांगतं. स्वतः उचलून दूरवर नेण्याऐवजी आधी ठाण्यात कळवावं आणि पावती घ्यावी. ठरलेल्या मुदतीत वारस स्वतःचा परवाना काढून ते परत घेऊ शकतो, किंवा रीतसर विकू शकतो. काहीच केलं नाही, तर ते सरकारजमा होतं.

त्याहून चांगली वाट २०१६ च्या नियमांनी मोकळी केली आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडं असलं, तर त्याच्या हयातीतच वारसाला परवाना मिळून ते त्याच्या नावावर होऊ शकतं. वारस म्हणजे मुलगाच असं नाही. मुलगी, सून, जावई यांनाही अर्ज करता येतो. अर्थात वारसाची स्वतःची पात्रता आणि पोलिस चौकशी असतेच. आणि घरात कुणालाच नको असेल, तर हातपाय चालताहेत तोवर स्वतःच विकून मोकळं व्हावं.

तर, जुनं रिव्हॉल्व्हर घ्यावं का? बोअर परवानगीतलं असेल, नंबर स्पष्ट असेल, परवाना आधी हातात असेल आणि पंचेचाळीस दिवस थांबायची तयारी असेल, तर कायदा अडवत नाही. गरज खरी असेल, तर जरूर घ्या. फक्त पैसे मोजण्याआधी घरच्यांना एकत्र बसवून विचारा, की माझ्यानंतर हे कोण सांभाळणार? उत्तर मिळालं, तर ते एका कागदावर लिहा. कागदावर हत्याराचा क्रमांक, परवान्याची मुदत, जवळच्या ठाण्याचं नाव आणि 'मी गेल्यावर काय करायचं' हे चार ओळींत असू द्या. तो परवान्यासोबत ठेवा आणि कुठं ठेवलाय, ते बायकोला सांगा. उत्तर नाहीच मिळालं, तर त्या पैशांत मळ्याभोवती चांगलं कुंपण होईल, दोन दिवे लागतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)